माझी सरासरी बरी होती

आमच्याकडं "तब्येत" या शब्दाचा अर्थ पोट असा आहे. कुणी बारीक झालेला दिसला की लोक विचारतात, "काय रे, तब्येत बरी नाय का?" आणि कुणाच्या शर्टाचं बटण तुटायला आलं की कौतुकानं म्हणतात, "आता झाली हां तब्येत!" या हिशेबानं माझ्याएवढी तब्येत लासलगावच्या पंचक्रोशीत शोधून सापडली नसती. मी गोरक्ष, मार्केटात सगळ्यांचा नाना. वय चौपन्न. कांद्याच्या मार्केटात लिलाव पुकारतो.

हे सगळं सांगतोय ते माझ्या हृदयासाठी नाही. माझं हृदय आता नाशिकच्या डॉक्टरीणबाईंच्या ताब्यात आहे, त्याच्या शिरेत स्टेंट नावाची एक जाळी टाकलीय आणि ते माझ्यापेक्षा त्यांचं जास्त ऐकतं. सांगतोय ते सार्थकसाठी. सार्थक माझा मुलगा, वय अठ्ठावीस, आणि त्याचं पोट मी स्वतः जातीनं लक्ष घालून घडवलेलं आहे. त्याच्यावर माझ्यासारखी वेळ यायच्या आत त्याला रक्त तपासायला न्यायचं होतं. वाटेत एकच अडथळा होता, आणि तो म्हणजे मी.

आधी माझं काम सांगतो. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या रांगेत उभ्या असतात. मी पुढं, व्यापाऱ्यांचा घोळका मागं. ट्रॉलीपाशी थांबायचं, कुणीतरी कांदा उचलून फोडून बघतो, मी भाव पुकारायला लागतो, आणि शेतकऱ्याच्या चार-पाच महिन्यांच्या घामाचा निकाल चहा थंड व्हायच्या आत लावून पुढच्या ट्रॉलीकडं सरकायचं. आवाज मोठा आहे माझा. त्याच्याखेरीज दुसरं भांडवल नाही. लोक म्हणायचे, एवढा आवाज यायचा तर नगारा तेवढा पाहिजेच. मी तो नगारा कधी लहान होऊ दिला नाही.

दिवस संपला की फळ्यावर तीन आकडे लिहायचे: कमीत कमी, जास्तीत जास्त, सरासरी. पेपरवाल्यांचे फोन येतात, त्यांनाही तेच तीन सांगायचे. वर्षानुवर्षं हे करून डोक्याला वळणच पडलं. लग्नाहून परत येताना मी बायकोला, मंगलाला सांगायचो, "जेवण कमीत कमी वरणभात, जास्तीत जास्त जिलेबी, सरासरी बरी." ती म्हणायची, "तुम्ही एक दिवस सरणावरून पण भाव पुकाराल."

लग्नाचा विषय निघालाच आहे तर सांगतो. आमच्याकडं पंगतीत आग्रहाला मोठा मान. यजमान स्वतः जिलेबीची परात घेऊन ज्याच्या पानासमोर येऊन बसतो, तो खरा मानकरी. नात्यातली माणसं मला टोपी-उपरणं द्यायला एखाद्या वेळेस विसरायची, परात विसरायची नाहीत. सार्थक लहान असल्यापासून माझ्या शेजारी बसायचा. मी नको म्हणायचा अवकाश, तो ओरडायचा, "पप्पांना अजून वाढा!" मग पप्पांचं बघून त्यालाही वाढायचे. पोरगं मागं हटत नाही हे बघून माझी छाती फुगायची. छाती फुगतेय असं मला वाटायचं, फुगत होतं ते दुसरंच. खाण तशी माती म्हणतात. इथं खाणं तशी माती.

सार्थक बी.कॉम. झाला आणि आमच्याच मार्केटात भुईकाट्यावर लागला. भुईकाटा म्हणजे भरलेला ट्रॅक्टर आहे तसा उभा करून जोखायचा लोखंडी ओटा. सार्थक काचेच्या खोलीत फिरत्या खुर्चीवर बसतो. ट्रॅक्टर येतात, आकडा पडतो, ट्रॅक्टर जातात. दिवसभरात त्याच्या अंगात हलतात ती फक्त बोटं आणि जबडा. एकदा सुट्टीच्या दिवशी आम्ही बापलेक हौसेनं त्या काट्यावर उभे राहिलो. आकडा आला दोनशे तीस. मी फोटो काढून घेतला आणि सगळ्या ग्रुपवर टाकला: "घरचा माल, दोन क्विंटल तीस किलो, एक नंबर क्वालिटी." पाहुण्यारावळ्यांनी अंगठ्यांचा पाऊस पाडला. एकानंही विचारलं नाही की बाबांनो, बरे आहात ना?

साखर मला त्याच्या आधीच निघाली होती. मी तिला लांबच्या पाहुणीसारखं वागवलं. आलीय तर राहू दे, फार चौकशी करायची नाही. सकाळी गोळी घ्यायचो, आणि गोळी घेतली म्हणजे जिलेबीचा परवाना मिळाला अशी माझी समजूत. लग्नाच्या दिवशी दोन गोळ्या घ्यायचो आणि स्वतःला शिस्तीचा माणूस म्हणवून घ्यायचो.

मग दोन वर्षांपूर्वी मार्केटात फुकट तपासणीचं शिबिर लागलं. फुकट म्हटल्यावर मी पहिला. रक्त दिलं, दुसऱ्या दिवशी रिपोर्ट हातात आला. शहाण्या माणसानं तो डॉक्टरला दाखवावा. मी तो बाजारभावाचा फळा वाचावा तसा उभ्या उभ्या वाचला. एकूण कोलेस्टेरॉल एकशे शहात्तर, शेजारी छापलेलं की दोनशेच्या आत असावं. झालं, सरासरी बरी. त्याच्याखाली एचडीएल म्हणून काहीतरी होतं, ते सत्तावीस, आणि शेजारी लिहिलेलं की चाळीसच्या वर असावं. म्हटलं, वा रे पठ्ठ्या! कोलेस्टेरॉल कमी करा म्हणून सगळं जग बोंबलतंय आणि आपलं किमान भावाच्याही खाली उतरलंय! ट्रायग्लिसराइड नावाचा कुणी दोनशे नव्वदवर जाऊन बसला होता, त्याला दीडशेच्या आत राहायला सांगितलेलं. त्याला मी जास्तीत जास्त म्हणून सोडून दिलं. एखादी ट्रॉली भाव खाऊन जातेच. साखरेची ओळ वाचलीच नाही, तिची माझी ओळख जुनी.

एवढ्यावर गप्प बसलो असतो तर निभावलं असतं. पण उचलली जीभ लावली टाळ्याला. चहाच्या टपरीवर जाऊन जाहीर केलं, "कोलेस्टेरॉल मार्केटात सगळ्यात कमी कुणाचं? या गोरक्षचं!" ललितशेठ म्हणून एक व्यापारी आहेत, रोज पहाटे पळणारे, अंगानं शेवग्याची शेंग. त्यांचं एचडीएल बावन्न आलेलं. सगळ्यांदेखत मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणालो, "शेठ, जपा हां, तुमचं लय वाढलंय." ते बिचारे पुढं कितीतरी दिवस उकडलेल्या दुधीवर होते. आणि मी स्वतःच्या खर्चानं सगळ्या मार्केटाला गुळाची जिलेबी वाटली. सार्थक तेव्हा तिथंच होता. पप्पांसारखं खाल्लं तरी काही होत नाही, हे त्याच्या डोक्यात त्या दिवशी पक्कं बसलं.

गेल्या उन्हाळ्यात आवक जोरात होती. रांग मार्केटाच्या फाटकाबाहेर गेलेली. पुकारता पुकारता मला दम लागायला लागला. आधी वाटलं, ऊन असेल. मग छातीवर कुणीतरी भरलेली गोणी ठेवल्यासारखं झालं, जबडा ठणकायला लागला. मी म्हटलं, गॅस. आमच्याकडं छातीत काहीही झालं तरी तो गॅसच असतो. आमच्या गावातली निम्मी माणसं गॅसनंच वारलीत. जिरा सोडा मागवला, प्यालो, ढेकर दिली आणि पुकारलं, "चौदाशे पन्नास, एक वार..."

दोन वार निघेना. तोंड उघडं, आवाज बंद. व्यापाऱ्यांना वाटलं, नाना मुद्दाम थांबलेत, भाव वाढायची वाट बघतायत. म्हणून घोळक्यातून कुणीतरी पंधराशे बोललं. त्या शेतकऱ्याला माझ्या दुखण्यामुळं क्विंटलमागं पन्नास रुपये जास्त मिळाले. माझ्या हृदयानं जन्मात केलेलं हे एवढंच समाजकार्य. मग मी ट्रॉलीच्या चाकाला टेकून खाली बसलो, आणि पुढचं मला ऐकूनच माहीत आहे. ललितशेठनी मला त्यांच्या गाडीत घातलं आणि नाशिक गाठलं. मला उचलायला माणसं किती लागली हे त्यांनी अजून सांगितलेलं नाही, तो त्यांचा मोठेपणा.

दवाखान्यात डॉक्टर तेजस्विनी मॅडम होत्या. एक शीर जवळजवळ बंद झालेली, तिच्यात त्यांनी स्टेंट टाकला. मी बोलायच्या अवस्थेत आलो तेव्हा मंगलानं पिशवीतून तो शिबिराचा जुना रिपोर्ट काढून त्यांच्यापुढं धरला. त्यांनी वाचला.

"काका, हा कुणी बघितला होता?"

"मीच."

"मग काय वाटलं तुम्हाला?"

"सरासरी बरी वाटली."

माणसांना हसवायला मला जमतं, पण मॅडम हसल्या नाहीत. खुर्ची ओढून बसल्या. म्हणाल्या, "कोलेस्टेरॉल सगळं एकसारखं नसतं, काका. एक शिरांच्या भिंतीत साचत जातं. आणि हे एचडीएल, ते साचलेलं उचलून यकृताकडं परत नेतं, म्हणून त्याला चांगलं म्हणतात. ते कमी असणं ही फुशारकी मारायची गोष्ट नाही. पोटावरची चरबी आणि साखर दोन्ही जोडीनं आल्या की ट्रायग्लिसराइड चढतात आणि हे चांगलं उतरतं. जे उरतं तेही साखरेमुळं नीट काम करत नाही. आता तुम्ही विचाराल, मग बेरीज इतकी छान कशी? त्यात चांगला माल नव्हताच, म्हणून छान."

चांगला माल म्हटल्यावर माझ्या टाळक्यात प्रकाश पडला. मार्केटात लिलाव संपला की झाडणाऱ्या बायका येतात. पाला, टरफलं, सडका कांदा, सगळं उचलून नेतात. त्या दोन दिवस आल्या नाहीत तर ट्रॅक्टरला वाट राहत नाही. माझ्या शिरांमधल्या झाडणाऱ्या बायकांना मीच कामावरून कमी केलं होतं आणि वर त्या आनंदात जिलेबी वाटली होती. आणि सरासरीचं म्हणाल तर, ज्याचा कांदा चारशेनं गेला त्यानं चौदाशेची सरासरी काय चाटायची, हे शेतकरी मला रोज तोंडावर ऐकवतात. रोज ऐकून मला ते कळलं नव्हतं.

मी म्हटलं, "मग ते चांगलं वाढवायची गोळी द्या."

"नुसता तो आकडा वर नेणारी गोळी घेऊन हृदय वाचत नाही. वाईट कोलेस्टेरॉलची गोळी दिलीय, ती सोडायची नाही. साखर आवरायची, पोट उतरवायचं, रोज चालायचं. सगळं मिळून सुधारतं," मॅडम म्हणाल्या. तेवढ्यात सार्थक डबा घेऊन दारातून आत आला. आधी पोट आलं, मागून सार्थक. मॅडमनी त्याच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. "हा मुलगा ना तुमचा? बापाला साखर, कंबर ही एवढी, आणि कामही बैठंच असणार. ह्याचं रक्त तपासून घ्या. उशीर करू नका."

"मला काय झालंय?" सार्थक म्हणाला, आणि डब्यातली माझी खिचडी कमी आहे म्हणून दवाखान्याच्या कॅन्टीनमधून स्वतःसाठी वडापाव आणायला गेला. खाटेवर पडल्या पडल्या मला पहिल्यांदा भीती वाटली. स्टेंट टाकताना वाटली नव्हती.

घरी आल्यावर मी सुधारलो. म्हणजे मंगलानं मला सुधारलं. भाकरी अर्धी झाली, जिलेबी बंद झाली, सकाळ-संध्याकाळ ती मला रेल्वे स्टेशनच्या रस्त्यानं चालवायची, पुढं मी आणि मागं ती, बैल पोळ्याला मिरवावा तसं. वजन उतरायला लागलं. रस्त्यात भेटणारा प्रत्येक जण हळहळायचा, "नाना, तब्येत गेली की हो सगळी!" सार्थकला मात्र हलवता येईना. रोज सांगायचो, रोज पालथ्या घड्यावर पाणी.

"पप्पा, तुम्हाला चौपन्नाव्या वर्षी झालं. मला लय टाइम हाय अजून."

"अरे, ते आत आतापासूनच साचतं."

"तुम्हीच तर खाऊन दाखवलं सगळं. आणि आज बसलाय ना समोर ठणठणीत?"

स्टेंट पडल्यावरही त्याच्या लेखी मी जिंकलेलाच होतो. मंगला एक दिवस भाजी निवडता निवडता म्हणाली, "त्याला डॉक्टरचं सांगू नका. त्याचा देव तुम्ही. देवाचीच फजिती झाली हे दिसल्याशिवाय तो उठायचा नाय. आणि खाल्लं चारचौघांत, तर फजिती पण चारचौघांतच करून घ्या."

मी कामावर परत गेलो त्या दिवशी व्यापाऱ्यांनी नारळ फोडला, हार घातला. आणि मग गर्दीतून वाट काढत, दोन्ही हातांत परात धरून, सार्थक आला. सगळ्यांनी वर्गणी काढून जिलेबी आणलेली. तो आनंदानं फुलला होता, लहानपणी पंगतीत फुलायचा तसाच. "पप्पांना वाढा!" तो ओरडला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

पाकाचा वास आला आणि माझ्या तोंडाला पाणी सुटलं, हे खोटं बोलणार नाही. एक उचलावी, नंतर सुधारू, असंही वाटलं. मग मी शेजारच्या रिकाम्या ट्रॉलीवर चढलो. चढताना दोघांनी खालून ढकललं.

"बोला!" मी पुकारलं. "गोरक्षचा माल हाय. जुना हाय, चौपन्न वर्षांचा. वरून चकाचक, आतून सडका. डॉक्टरांनी फोडून बघितलाय. तीन महिन्यांची साखर नऊच्या वर, ट्रायग्लिसराइड दोनशे नव्वद, चांगलं कोलेस्टेरॉल सत्तावीस. ते कमी आलं म्हणून ज्यानं तुम्हाला जिलेबी खाऊ घातली तो अक्कलवान हाच! ललितशेठला ह्यानंच विनाकारण दुधी खायला लावला. बोला, काय भाव?"

लोक पोट धरून हसायला लागले. "गोल्टीच्या भावात द्या!" मागून कुणीतरी ओरडलं. गोल्टी म्हणजे लिंबाएवढा बारका कांदा, सगळ्यात पडेल भावाचा. ललितशेठ डोळे पुसत होते. "फुकट दिला तरी उचलायला क्रेन लागंल," आणखी एक जण म्हणाला. मीही हसत होतो. हसत नव्हता तो एकटा सार्थक. परात हातात तशीच.

"एक वार," मी म्हणालो. "दोन वार. कुणी घेत नाय. नका घेऊ, ह्याची किंमत मला कळलीय. पण ह्याच वावरातली दुसरी ट्रॉली तिथं परात घेऊन उभी हाय. शेतकऱ्याला भाव पटला नाय तर तो काय करतो? ट्रॉली परत घरी नेतो. तो त्याचा हक्क हाय. मला ती ट्रॉली घरी न्यायचीय." पुढं अजून बरंच बोलायचं ठरवलं होतं, पण आवाज चिरकला. हसणं एकदम थांबलं. एवढ्या मोठ्या मार्केटात मला खाली कसं उतरावं ते कळेना.

सार्थकनं परात जमिनीवर ठेवली, काट्याच्या खोलीत गेला आणि दार लावून घेतलं. घरी तो माझ्याशी बोलेना. आईशी बोलायचा, तेही कामापुरतं. मला वाटलं, पोराची पार शोभा केली आपण, आता तो हट्टानं दुप्पट खाईल. मंगलाला तसं म्हणालोसुद्धा.

मग एका सकाळी मंगलानं त्याच्यासमोर पोह्यांची बशी ठेवली. त्यानं ती बाजूला सारली आणि माझ्याकडं न बघता विचारलं, "उपाशीपोटी जायचं असतं ना?"

त्याच्या मोटारसायकलवर मागं बसून गेलो. सुई टोचताना त्यानं मान फिरवली, लहानपणी फिरवायचा तशी. संध्याकाळी रिपोर्ट आणायलाही दोघंच गेलो. लॅबच्या बाहेर, रस्त्याच्या कडेला उभं राहून त्यानं कागद उघडला. साखर काठावर आलेली. ट्रायग्लिसराइड वर. एचडीएल बत्तीस.

त्यानं दोनदा वाचलं. मग माझ्याकडं बघून हसला, अगदी माझ्यासारखा, मान तिरकी करून. "पप्पा, तुमच्यापेक्षा पाचनं जास्त हाय. पिढी सुधारली आपली."

दोन वर्षांपूर्वीचा मी असतो तर त्याच्या पाठीवर थाप मारली असती, वर अजून एक विनोद केला असता. त्या रस्त्यावर मला रडू आलं. अठ्ठावीस वर्षांचं पोर, आणि त्याच्या हातात माझाच कागद. मी तोंड फिरवलं, पण एवढं मोठं तोंड कुठं लपवणार?

सार्थकचं हसू गेलं. त्यानं कागदाची घडी घातली आणि खिशात ठेवली. मग हळू आवाजात म्हणाला, "पप्पा, भ्यायचं का?"

"भी," मी म्हणालो. "मी भ्यायलो नव्हतो."

त्यानं गाडीची किल्ली माझ्या हातात दिली आणि घराच्या रस्त्यानं चालायला लागला. मी गाडी लॅबवाल्याच्या दारात तशीच ठेवली आणि त्याच्या मागं निघालो.